वरातीतला गळा

"आणखी एक पाऊल मागे," काचेपलीकडून उद्धवराव म्हणाले. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीतले ते साहेब. बरकत मागे सरला. आता त्याची पाठ दाराला टेकली.

"आता म्हणा. पण हळू."

"हळूच म्हनतोय साहेब."

म्हणत होता बिचारा. पण चिंचवडच्या बँडमध्ये ढोल-ट्रम्पेटच्या वर गळा काढून ज्याने उमर घालवली, त्याचं हळू ते केवढं असणार? देहूरोडच्या लष्करी कँटीनमध्ये ऐकलेल्या रॉक अँड रोलच्या ठेक्यावर त्याने स्वतःचं गाणं बांधलं होतं, घाटात बंद पडलेल्या मोटारीचं. चाकणपर्यंत त्या गाण्यावाचून वरात हलत नव्हती. आता त्याची रेकॉर्ड निघणार, वर नाव छापून येणार, म्हणून बायकोने, रहिमाबीने, मोहल्ल्यात साखर वाटली होती. आणि इथे माईकपुढे दर खेपेला आवाज फाटत होता.

दुपारी उद्धवरावांनी सयाजी नावाचा मऊ गळ्याचा गायक आणला. "बरकतमियाँ, यांना जरा चाल सांगा."

बरकत जायला वळला. तेवढ्यात सयाजी वाकला आणि त्याच्या पायांना हात लावून म्हणाला, "उस्ताद, शिकवा."

जन्मभर 'ए बँडवाले' एवढीच हाक ऐकलेला माणूस तो. शिवाय पायाला हात लावणाऱ्याला विद्या नाकारू नये, ही बापाची शिकवण. श्वास कुठे चोरायचा, मोटारीची धाप गळ्यातून कशी काढायची, सगळं त्याने देऊन टाकलं.

"मग नाव कुनाचं?" घरी रहिमाबीने विचारलं.

"ज्यानं म्हनलं त्याचं."

"आन् तुमी?"

"मला उस्ताद म्हनला त्यो."

"बरं झालं. वाटलेली साखर मागून आनते आता."

रेकॉर्ड हॉटेलाहॉटेलांत वाजू लागली. पुढच्या लग्नसराईत रहाटणीच्या एका वरातीत नवरदेवाचे मामा, सोपानराव, बँड थांबवून म्हणाले, "ओ भाऊ, ते मोटारीचं म्हना. पन बोंबलू नका. रेकॉर्डवर कसं ग्वाड म्हनलंय, तसं."

"अहो, ते गानं कुनाचं..." ढोलवाला हनीफ उसळला. बरकतने त्याचा हात दाबला.

"म्हनतो, मामा."

ढोल घुमला, ट्रम्पेट कडाडलं. बरकतने गळा आवळून धरला आणि आपलं गाणं अगदी हळू म्हटलं. बँडची चाल ओळखून मामांनी पसंतीने मान डोलावली. बरकतचे नुसते ओठ हलताना दिसत होते. शब्द गेले असतील तर शेजारून चालणाऱ्या नवरदेवाच्या घोड्याच्या कानी. त्याने एकदा कान टवकारले आणि तो वरातीबरोबर पुढे निघाला.