न्यूक्लिअर मेडिसिनची रिकामी जागा

संयम फोन उचलेना, म्हणून रविवारी डॉ. तेजस्विनी स्वतःच ओतूरला त्याच्या घरी गेली. संयम पुण्यात तिच्या हॉस्पिटलात इंटर्न होता. काही दिवस तिच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागातही होता. पुढे शिकायची शाखा निवडायला आता थोडेच दिवस उरले होते.

किरणोत्सारी औषध देऊन आजार शोधायचा, काही आजार बरेही करायचे, असं तिच्या विभागाचं काम. पण शिकायला कोणी येत नव्हतं. मुलं नावालाच बिचकत आणि रेडिओलॉजी नाहीतर त्वचारोग घेऊन मोकळी होत. जागा दरवर्षी रिकामी राहायची.

संयम वेगळा वाटला होता. घोडेगावकडच्या सोनीबाई थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यायला आल्या आणि अडून बसल्या. नातवाला आता कधीच जवळ घेता येणार नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. संयम शेजारी बसून म्हणाला, "आजी, थोडे दिवस लांब राहायचं. मग घ्या की मांडीवर." बाईंनी निमूट डोस घेतला. हा मुलगा आपल्याकडे आणायचाच, असं तेजस्विनीनं तेव्हाच ठरवलं.

संयमचे वडील धरमचंद यांचं पेठेत किराण्याचं दुकान. मागेच घर. आई सुंदरबाईंनी चहा आणला.

"मॅडम, तुमी आपल्या तालुक्यातल्या, वारूळवाडीच्या, म्हणून मोकळं विचारतो," धरमचंद म्हणाले. "हे शिकून तो इथं दवाखाना टाकंल का?"

"नाही. मशीन मोठं लागतं, परवानगी लागते. औषधसुद्धा रोज ताजं आणावं लागतं."

"मग गावाला काय उपयोग?"

"गावातलेच पेशंट येतात माझ्याकडे. एकटी किती बघू? ताटकळतात लोक."

सुंदरबाई हळूच म्हणाल्या, "अन् मूलबाळ? ते किरण लई वाईट म्हणत्यात."

"मला दोन मुली आहेत, सुंदरबाई," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज चढला. "सगळी काळजी घेतो आम्ही. प्रत्येकाला किती वेळा सांगायचं हे?"

आईमागे दाराशी उभा असलेला संयम पुढे येऊन म्हणाला, "मॅडम, किरणांची भीती मला नाही. काम मला आवडलं होतं."

"मग फोन का नाही घेतलास?"

तो खाली बघत म्हणाला, "राग मानू नका. मी होतो तेवढ्या दिवसांत तुम्ही एकदाही आनंदात दिसला नाहीत. औषध उशिरा आलं की चिडायच्या, आम्ही प्रश्न विचारला की चिडायच्या. मला वाटलं, आणखी काही वर्षांनी मीही असाच होईन."

तिला ठणकावून सांगायचं होतं, की माणसं नाहीत म्हणून चिडते, आणि तुम्ही येत नाही म्हणून माणसं नाहीत. पण ते बोलणंसुद्धा चिडूनच झालं असतं. ती उठली. "चहा छान होता," एवढंच तिला सुचलं.

संयमनं रेडिओलॉजी घेतली. तिच्या विभागातली जागा याही वर्षी रिकामी राहिली.

नवे इंटर्न आले, तेव्हा तिनं त्यांना आधी पेशंटांशी बोलायला बसवलं. दुपारी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इथं रेडिएशन फार असतं का?" तेजस्विनीच्या कपाळावर आठी आली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.