तांड्याचं एकुलतं मत

तांड्याचा नायक भाऊसिंग सांगेल त्याच चिन्हाचं बटण अख्ख्या तांड्यानं दाबायचं, हा रिवाज त्याच्या बापापासूनचा. म्हणूनच विधान परिषदेच्या पदवीधर निवडणुकीआधी मालेगावचा बाबूलाल, एका उमेदवाराचा माणूस, तांड्यावर आला तेव्हा नायकानं मिशीवर हात फिरवत शब्द देऊन टाकला, "तांडा तुमचाच समजा!"

लेक निता घरी बजावत होती, की ही निवडणूक वेगळी आहे. पण निवडणूक आहे आणि नायकाला मत नाही, हे त्याला पटेल तर शपथ! मतदानाच्या सकाळी गडी पांढराशुभ्र पटका बांधून तिच्यासोबत मालेगावच्या तहसील कचेरीवर हजर.

टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं त्याचं ओळखपत्र परत केलं. "नायक, इथं पदवीवाल्यायचंच मत असते. तुमच्या तांड्यातून एकच नाव हाय, निता भाऊसिंग राठोड."

नायकाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं लेकीला बाजूला घेतलं.

"माय, बाबूलालच्या उमेदवारालेच दे. म्या जबान देली हाय."

"जबान तुमी देली, बा. मत माह्यं हाय," निता शांतपणे म्हणाली आणि आत गेली.

भाऊसिंग मतदारांपुरत्या आखलेल्या चुन्याच्या रेघेअलीकडे थांबला. पुढे कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी डॉक्टर, आणि त्या रांगेत त्याची पोर. ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीच्या दारात बसून हिनं अक्षरं गिरवली होती. आज एक कोटवाला तिला "या मॅडम" म्हणत वाट देत होता. भाऊसिंगला अभिमान तर वाटलाच, पण खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. एवढं मोठं माणूस आपल्या घरात कधी वाढलं, हे त्याला कळलंच नव्हतं.

निता बाहेर आली. डोळे चमकत होते.

"बा, बटण नाही काही! हातभर लांब कागद. सरकारी जांभळ्या पेनानं नावापुढं आकडे लिवा लागते. जो पयला पसंत त्याले एक, मंग दोन, मंग तीन."

'एक कोणाले देला?' प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बाबूलालच.

"नायक, काम झालं ना आपलं?"

भाऊसिंगनं लेकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. नुसती बघत होती.

"बाबूलाल, मी जबान वापस घेतो," तो म्हणाला. "मत माह्या पोरीचं होतं. कोणाले देलं ते म्या इचारलं नाही अन् इचारणारही नाही. अन् पुढच्या बारीले तांड्यात येशीन, त घरोघरी हात जोडजो. माह्या एकट्यापाशी नको येऊ."