खिडकीजवळची जागा

सुलेमान मुकादम मंडळात गेला तो चुकून. नवीन पनवेलच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर हाताने रंगवलेला कागद चिकटवला होता : 'जमीन कोणाची? रविवारी सकाळी या. सर्वांना प्रवेश.' नव्या शहरासाठी बापाचं शेत गेलं त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. ही वाढीव मोबदल्याची मीटिंग असणार असं धरून तो सातबाऱ्याचे जुने उतारे पिशवीत घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून गेला. साल १९८२.

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. आत सतरंजीवर सात-आठ माणसं बसली होती. भिंतीवर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो होता आणि त्याला हार घातलेला. घरातले कोणी वारलेले वडीलधारे असतील असं समजून सुलेमानने फोटोपुढे मान लववली. ही गोष्ट पुढे कित्येक दिवस मंडळात चहाबरोबर निघत असे.

फोटो शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा होता. मंडळ त्याच्या विचारांचा प्रचार करत होतं आणि आपसात त्याला नुसतं 'दाढीवाला' म्हणत होतं. बँकेतून निवृत्त झालेले श्यामसुंदर वर्तक हे मंडळाचे संस्थापक, आणि फ्लॅटही त्यांचाच. त्यांनी नव्या पाहुण्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. जमीन कोणी माणसाने केलेली नाही, म्हणून ती कोणा एकाच्या मालकीची नाही. घर बांधलंत, पीक काढलंत, ते तुमचं. पण नुसत्या जागेला जो भाव चढतो तो आजूबाजूच्या सगळ्यांमुळे चढतो. म्हणून जो जागा वापरेल त्याने तिचं भाडं सगळ्यांना द्यावं, आणि सरकारने बाकीचे कर काढून टाकावेत. या नव्या शहरात जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यानेच मिळते; तेव्हा दाढीवाल्याचं अर्धं काम इथे आपोआप झालंय, अशी वर्तकांची खात्री होती.

सुलेमानने पिशवी उघडलीच नाही. आता निघावं म्हणून तो उठला आणि त्याची नजर खिडकीबाहेर गेली.

अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या वरून, खांदेश्वरच्या तळ्यापलीकडे, दोन ताड दिसत होते. एक सरळ. दुसरा मध्येच कंबर मोडल्यासारखा वाकून पुन्हा वर गेलेला. त्यांच्या शेताच्या बांधावरचे ताड.

शेताला आता तारेचं कुंपण होतं. एकदा तो तिथपर्यंत गेला होता, तेव्हा चौकीदाराने विचारलं होतं, "किससे काम है?" माणूस सरळ होता, त्याचा प्रश्नही सरळ होता. सुलेमान तारेपासूनच मागे वळला. त्यानंतर तो त्या बाजूला फिरकला नव्हता.

तो परत खाली बसला, आणि पुढच्या रविवारीही आला.

मंडळाची एक पद्धत होती. खोलीत खुर्ची एकच, तीही खिडकीजवळ. बाकी सगळे सतरंजीवर. सभा सुरू होण्याआधी त्या जागेचा लिलाव व्हायचा. सर्वांत मोठी बोली लावणारा खुर्चीत बसे, पैसे बिस्किटाच्या डब्यात टाकी, आणि त्यातून सगळ्यांचे पोहे व्हायचे. "खुर्ची सुताराने केली, तिचं भाडं नाही," वर्तक दर वेळी बजावत. "भाडं जागेचं. वारा तुम्ही केलेला नाही."

बोली चार आण्यांपासून सुरू व्हायची आणि बारा आण्यांत मिटायची. सुलेमान आल्यापासून ती दोन रुपयांवर गेली, मग तीनवर. तळोज्याच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. पगार बरा होता, पण असा उधळायला नव्हता. अरविंद पेंडसे म्हणून ऑडिटमधले एक सभासद होते. त्यांना चढाओढीत मजा वाटायची.

"सव्वातीन," पेंडसे म्हणायचे.

"साडेतीन."

"सुलेमानभाई, वारा एवढा महाग? घरी पंखा नाही का?"

"पंखा हाय. वारा नाय."

सगळे हसायचे. पेंडसे हात जोडून माघार घ्यायचे. सुलेमान खुर्चीत बसायचा, आणि मग तासभर त्याच्या कानावरून जे जायचं त्यातलं थोडं आत शिरायचं, बाकी खिडकीतून बाहेर जायचं. वर्तक मात्र या बोलीने हरखून गेले होते. खुर्ची तीच, खिडकी तीच, आणि सभासद वाढल्याबरोबर जागेचा भाव पाचपट. सिद्धान्ताचा याहून चोख पुरावा कुठला? त्यांनी तो मंडळाच्या पत्रकात छापला.

घरी सुलेमानची आई, करिमुन्निसा, ओट्यावर वाट बघत असायची. गुडघ्यांमुळे तिला आता गल्लीच्या बाहेर जाता येत नव्हतं.

"खिडकी मिलाली?"

"मिलाली."

"दोनी हायत?"

"दोनी हायत, अम्मा."

"वाकडा आनखी वाकला काय रे?"

"तेवडाच हाय."

मग ती ताडगोळे कसे लागले असतील, कोण काढत असेल, की पडून वाया जात असतील, ते बोलत राही. सुलेमानला तेवढ्या लांबून गोळे दिसत नव्हते. तरी तो म्हणायचा, "लागलेत."

तीन वर्षं अशी गेली. १९८५च्या उन्हाळ्यात एका रविवारी वर्तकांनी लिलाव बाजूला ठेवला. मंडळाने स्वतःच्या सभागृहासाठी जागेचा अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला होता. भूखंड, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. मंडळाचा नियम असा होता की निर्णय एकमताने व्हायचा; एकाची जरी हरकत असली तरी नाही.

सतरंजीवर नकाशा पसरला गेला. रेघा, आकडे, आणि एका चौकोनात लाल पेन्सिलीची फुली. सगळे वाकून बघत होते. सुलेमानला तळं ओळखता आलं, मग नाला, मग नाल्याचं ते वळण जिथे बाप बैल धुवायचा. फुली बांधावर होती.

त्या क्षणी त्याला जे वाटलं त्याला राग म्हणता आलं नसतं. त्याला सभागृह दिसलं. बुटकं, कौलारू. अंगणात दोन ताड. रविवारी सकाळी लवकर जाऊन कुलूप काढणारा तो स्वतः. अम्माला रिक्षाने आणून ताडांच्या बुंध्याशी बसवलं आहे. आणि कोणी विचारलंच, कोणाकडे काम आहे, तर सांगायला शब्द तयार : मी इथला सभासद.

"यातले दोन ताड ठेवता येतील ना?" त्याने विचारलं.

"ताड?" वर्तकांनी चष्मा सारखा केला. "नकाशात ताड कुठे आहेत?"

पेंडसे आधी नकाशाकडे, मग खुर्चीकडे आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. ऑडिटच्या माणसाला हिशेब लागायला वेळ लागला नाही.

"सुलेमानभाई," ते हळू म्हणाले, "हे शेत तुमचं होतं?"

"बापाचं."

वर्तक खाली बसले. तीन वर्षं आपण या माणसाला जमीन कोणाचीच नसते असं शिकवत होतो, आणि तो स्वतःच्या शेताकडे बघायचं भाडं आपल्याला देत होता. त्याचे आपण पोहे खाल्ले. त्यांचा चेहरा उतरला. मग ते ताठ झाले, आणि अशा वेळी त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं : ठराव मांडला.

"ही जागा मंडळाने घ्यायची नाही. सहकाऱ्याच्या शेतावर आपली भिंत उभी राहणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून वैजयंतीबाई वर्तक म्हणाल्या, "अहो, पण त्यांना विचारलंत का?"

"यात विचारायचं काय? कोणाला आवडेल?"

सुलेमानच्या ओठांवर शब्द आला होता : घ्या. पण तोवर एकेक हात वर जाऊ लागला होता. पेंडशांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या चांगुलपणाला नको कसं म्हणायचं, ते सुलेमानला कोणी कधी शिकवलं नव्हतं. त्याचा दुसरा हात मोकळा होता. तो त्याने वर केला.

ठराव एकमताने मंजूर झाला. पोहे झाले. पेंडशांनी त्याला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लावलं.

मंडळाने नाकारलेला भूखंड वर्षाच्या आत एका गृहनिर्माण संस्थेला गेला. गेला म्हणजे रीतसर, यादीतला पुढचा अर्ज म्हणून. पायाचं काम पावसाळ्यानंतर सुरू झालं. एका रविवारी सुलेमान खुर्चीत बसला तर सरळ ताड नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी वाकडाही नव्हता. घरी त्याने सांगितलं, दोनी हायत. पुढे बांबूच्या परांच्या चढल्या, मजल्यावर मजला आला, आणि तळ्यापलीकडचं आकाशच तेवढं कमी झालं.

मग ताड गेल्याचं मंडळातल्या लोकांच्याही लक्षात आलं. त्या रविवारी सुलेमान आला तेव्हा सगळे आधीच येऊन बसले होते. डबा कपाटावर ठेवून दिला होता.

वर्तक उभे राहिले. "आज लिलाव नाही. यापुढेही नाही. आम्ही ठरवलंय. सुलेमानभाई, ती जागा तुमची."

सुलेमानने खुर्चीकडे बघितलं. वैजयंतीबाईंनी तिच्यावर नवी उशी ठेवली होती. खिडकीतून सिमेंटचा वास येत होता. 'जागा तुमची' हे शब्द पनवेलच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात, कोणा ना कोणा साहेबाच्या तोंडून ऐकायला मिळावेत म्हणून बाप मरेपर्यंत हेलपाटे घालत होता.

"मंडळाची पद्धत मोडू नका," तो म्हणाला. "बोली लावा."

वर्तकांनी नाइलाजाने डबा खाली घेतला. "चार आणे," ते म्हणाले. "चार आण्यांना कोणी?"

पेंडसे सतरंजीची दशी ओढत होते. कोणी बोली लावली नाही. सुलेमाननेही लावली नाही. तो पेंडशांच्या शेजारी मांडी घालून बसला, भिंतीकडे तोंड करून, आणि सभा संपेपर्यंत दाढीवाल्याकडे बघत राहिला. नव्या उशीवर कोणी बसलं नाही.

घरी अम्मा ओट्यावरच होती.

"खिडकी मिलाली?"

तो चपला काढत राहिला. एक काढली, दुसरीचा पट्टा सोडवायला वेळ लावला.

"नाय मिलाली आज. दुसऱ्यानी घेतली."

म्हातारीने थोडा विचार केला. मग तिच्या तोंडावर एक समाधान पसरलं, जसं पूर्वी दुसऱ्या गावचे लोक बांधावर थांबून पीक बघायचे तेव्हा पसरायचं.

"भाव वाढला असंल," ती म्हणाली.