अकरा लाल बटणं

“सुई हरवली तर आधी सांगायचं, मग शोधायचं!”

आईचा हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा, शिलाई मशीनच्या खडखडाटावरून आलेला. सात वर्षांच्या लेकीने तेव्हा तो कानाआड केला. गुपचूप शोधत बसली, आणि सुई सापडली ती धाकट्या भावाच्या टाचेत.

आज तीच लेक बालवाडीच्या सतरंजीवर गुडघे टेकून लाल बटणं तिसऱ्यांदा मोजत होती. अकरा. आणली होती बारा.

जन्मभर कपडे शिवले. डोळ्यांनी दगा दिला तसं मशीन झाकलं, आणि चार महिने झाले, ती रोज सकाळी इथे मदतीला येई. बिनपगारी, पण तोऱ्यात. मुलं तिला बटणआजी म्हणत. रंग ओळखायचा खेळ तिचा, गाणंही तिचंच:

लाल बसलं लालापाशी, निळं निळ्याच्या दारी,
पिवळं एकटं रडतंय, त्याला घ्या गं शेजारी.

बाईंचा नियम एकच होता: मुलाच्या घशात जाईल अशी वस्तू नको. कोटाची मोठाली बटणं चालत. पण मोठ्यांत लाल नव्हतं, आणि लालावाचून खेळ कसला? म्हणून आज तिने सदऱ्याची बारीक बटणं हळूच मिसळली होती.

सतरंजी झटकली. वाट्या पालथ्या घातल्या. कपाटाखाली पट्टी फिरवली. काहीच नाही.

कोपऱ्यात खारूताई बसली होती. तीन वर्षांची, मिळेल ते गालात साठवणारी. आज गप्प.

“आ कर बघू, सोन्या.”

“माझं तोंड झोपलंय.”

गुदगुल्या केल्या तेव्हा ते उघडलं. रिकामं. गालात असतं तर बरं होतं.

“काय आजी, पायाखाली विंचू निघाला का?” बाई हसत आल्या.

“कुठं काय? कंबर धरलीय.”

“कंबर धरलीय आणि सतरंज्या झटकताय! उद्या लवकर या हं. दुसऱ्या बालवाडीच्या बाई तुमचा खेळ बघायला येणार आहेत.”

उद्या! सांगितलं तर कसला उद्या? घरी झाकलेलं मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ, तेवढंच.

घंटा झाली. दाराशी चपलांची झुंबड उडाली. खारूताईच्या बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. ती खोकली. एकदाच.

“गार पाणी प्यायलीस ना, चोरटे?” म्हणत ते फाटकाकडे वळले.

सर्दीच असेल. कपाटामागे अजून पाहिलं कुठंय? आधी तिथं बघू, मग...

मशीन खडखडलं. साठ वर्षांपलीकडून.

बटणआजी अनवाणीच धावली. तिने बाबांची बाही धरली.

“थांबा! बाई, तुम्हीही इकडे या.” छाती धपापत होती. “एक बटण कमी आहे. बारीक, लाल. नियम मोडून मीच आणलं होतं, आणि मघापासून लपवतेय. हिने गिळलं असेल. आधी दवाखान्यात चला.”