गप्प बसायचा आठवडा

सोमवारी सकाळी मॅनेजरने ताईला काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "शुक्रवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. हातवारे नाहीत. भुवयासुद्धा उडवायच्या नाहीत. लाइनचं जे अडेल ते लाइन बघून घेईल."

ताई म्हणजे जॅमच्या कारखान्यातल्या भरणी विभागाची सुपरवायझर. पट्ट्यावर बरणी अडकली, झाकण वाकडं बसलं, दोघींची जुंपली, काहीही होवो, हाक एकच: "ताई, आता?" आणि ताईकडे उत्तर तयार. बायका पाठीमागे तिला उत्तरपत्रिका म्हणायच्या. ताईला ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

तिला गप्प बसवायचं डोकं बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाचं. नवीन कल्पना कशा सुचवायच्या हे शिकवायला तो रंगीत चिठ्ठ्या घेऊन आला. त्याने त्या भिंतीला चिकटवल्या, आणि जॅमच्या वाफेने त्या दुसऱ्या दिवशी गळून पडल्या. पण एक गोष्ट त्याने बरोबर हेरली. प्रश्न कुणालाही विचारा, सगळ्या माना आधी ताईकडे वळतात. तो मॅनेजरला म्हणाला, "इथे डोकं एकच आहे, बाकी नुसते हात. ते डोकं आठवडाभर बाजूला ठेवा." खरं तेच बोलला. माणूस मूर्ख असता तर ताईने त्याला केव्हाच वाटेला लावलं असतं.

पुढचं मॅनेजरचं स्वतःचं होतं. दार ओढून घेताना तो म्हणाला, "हे जमलं ना ताई, तर सुपरवायझर हवाच कशाला, असं वरून विचारतील. आधी कानावर घातलेलं बरं." पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसा बोलला आणि गेला. ताईचा नवरा पाठ धरून घरी बसलेला, घर तिच्या पगारावर उभं. माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढायची, आणि वर त्यालाच सांगायचं की हलू नका.

त्याच दिवशी नव्या बरण्या आल्या. वर रुंद, खाली निमुळत्या. दुकानात छान दिसतात म्हणून विक्रीवाल्यांनी निवडलेल्या. पट्ट्यावर उभं राहायचं असतं बरणीला, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. भरून, झाकण लागून बरणी लेबलच्या यंत्राकडे निघायची, आणि वळणावर पट्टा वळला की ही बाई आडवी. तिच्यावर मागची, मागचीवर तिच्या मागची.

"ताई, आता?" पट्ट्यावरून मावशी ओरडली. मावशी लाइनवर सगळ्यांत जुनी.

ताईने छताकडे बघितलं. हात मांडीखाली दाबून धरले.

"अगं, ती देवळातली मूर्ती झालीय आठवडाभर," नणंद म्हणाली. ताईची सख्खी नणंद तिच्याच घरात राहायची आणि त्याच लाइनवर झाकणं लावायची. "नारळ फोडा, कौल मिळाला तर मिळाला."

दिवसभर बायका वळणावर बरण्या हाताने धरत राहिल्या. पट्टा हळू केला तर मागे जॅम थिजायला लागला. मेकॅनिकने पत्र्याची पट्टी ठोकली, ती बरण्यांनी एका तासात वाकवली. ताईचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. तिला उत्तर येत नव्हतं. हे तिने कुणाला कळू दिलं नसतं, पण खरं होतं. नुसतं तिथे जाऊन ओरडायला मिळालं असतं तरी जिवाला बरं वाटलं असतं.

रात्री घरी जेवताना नणंद म्हणाली, "वहिनी, इथे तर कुणी बघत नाही. सांग ना काहीतरी."

"नाही."

"भाजीत मीठ कमी आहे का, एवढं तरी सांगशील? की तेही माझं मीच शोधून काढायचं?"

"मग तूच करत जा स्वयंपाक."

"वहिनी, तुला झालंय काय? जेवत पण नाहीस धड."

ताईने नोकरीचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नणंदेने उद्या मुद्दाम सगळी लाइन पाडून ठेवली असती, वहिनीसाठी. नाही सांगितलं तर ती जीव तोडून मार्ग शोधणार, आणि सापडला की वहिनीच रस्त्यावर. ताईने ताट तसंच सरकवलं. नवरा आतून म्हणाला, "काय चाललंय तुमचं?" दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही."

मंगळवार तसाच गेला. बुधवारी नणंदेचं डोकं फिरलं. एक बरणी तिसऱ्यांदा आडवी झाली तेव्हा तिने ती उचलली आणि "मर मेले" म्हणत झाकणावर उलटी आपटली. बरणी उभी राहिली. पट्टा वळला, तीही वळली, डुललीसुद्धा नाही.

सगळ्या बघत राहिल्या.

"शीर्षासनात बरी उभी राहते ही," मावशी म्हणाली.

"अजून एक कर," कुणीतरी म्हणालं.

दुसरी उलटी. तिसरी उलटी. रुंद तोंड खाली आलं होतं, पडतील कशाला? मावशी टाळ्या पिटायला लागली. मेकॅनिकने पट्ट्याचा वेग वाढवला. भरलेली बरणी कधीही उलटी करायची नाही, हा ताईचाच नियम होता, आणि ती बाहेर असती तर पहिल्याच बरणीला नणंदेच्या हातावर फटका बसला असता. हे तिला काचेआड बसून कळलं आणि झोंबलं.

मग पहिली बरणी लेबल लावून बाहेर आली. खोक्यात भरताना मावशीने ती आनंदाच्या भरात न बघताच सरळ केली. लेबल उलटं. त्यावरची फळं खाली डोकं वर पाय.

ताईला ते त्याच क्षणी दिसलं. यंत्र बरणीला सुलटं लेबल लावत होतं, पण बरणीच उलटी होती. एक हाक मारायची खोटी. ताईने घसा साफ केला. मग थांबली. बंदी होती ना? नियम म्हणजे नियम. खोकं भरलं. दुसरं भरलं. खोकी मोजायला नकोत म्हणून ताई खिडकीकडे बघायला लागली, आणि खिडकीत तिला तिचाच चेहरा दिसला. त्यावर जे काय होतं ते तिला आवडलं नाही. तरी ती उठली नाही.

दुपारी मॅनेजर आला तेव्हा खोक्यांची भिंत उभी होती. त्याने एक बरणी काढली, दुसरी काढली, आणि लाल झाला.

"हे काय? ग्राहकाने डोक्यावर उभं राहून वाचायचं का?" बायका गार पडल्या. मॅनेजर काचेच्या खोलीकडे वळला, दार उघडलं. "झाला प्रयोग. या ताई, सांभाळा तुमचं. तुमच्याशिवाय यांना अक्कल नाही, हे कळलं मला."

हेच तर हवं होतं. ताई बाहेर आली. पाय हलके व्हायला हवे होते, झाले नाहीत. समोर नणंद उभी होती, हाताला जॅम लागलेला, डोळ्यांत पाणी.

"तुला दिसलं होतं," नणंद म्हणाली.

"बोलायची बंदी होती."

"बंदी भुवयांनाही होती. सोमवारपासून नाचताहेत त्या. आजच बऱ्या झोपल्या?"

ताईने मॅनेजरकडे बघितलं, मग लाइनकडे.

"दिसलं होतं. पहिल्याच बरणीला दिसलं. तुम्हाला जमलं की माझी नोकरी जाणार, साहेबांनी सांगितलंय. म्हणून बसून राहिले."

प्रशिक्षक मॅनेजरच्या मागेच उभा होता. "मी असं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हटलं नसेल," ताई म्हणाली. "पण तुमच्या शिकवणीचा उपयोग तेवढाच होणार होता."

मॅनेजर म्हणाला, "ही चर्चा इथे नको." मग दुसरीकडे कुठे करणार होता, हे त्याने सांगितलं नाही.

मावशीने पदराला हात पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "मग साहेब, आम्हाला काहीच येत नाही. आम्ही मठ्ठ. उद्यापासून बरण्या आडव्याच पाडतो. ताईशिवाय आमचं पान हलत नाही, लिहून घ्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. नणंदेने हातातलं झाकण खाली टाकलं.

ताई अशी ओरडली की मेकॅनिकच्या हातातला पाना पडला.

"खबरदार! माझ्यासाठी येड्याचं सोंग घ्याल तर! एवढी वर्षं मी तुम्हाला विचार करू दिला नाही, आणि आता सुचायला लागलं तर ते लपवायचं? कुणाच्या भल्यासाठी? माझ्या? अशा भल्याला आग लागो!" तिला धाप लागली. "उलटी बरणी बरोबर आहे. राहिलं काय ते तुम्ही बघा. मी जाते बसायला."

आणि ती खरंच परत काचेच्या खोलीत जाऊन बसली.

मॅनेजर काहीतरी बोलणार होता, पण लाइनचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. लेबलचं रीळ पालथं करून बघितलं, तर ते भलत्याच बाजूने सुटायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, यंत्र बदला. नणंद म्हणाली, तुझं डोकं बदल. भांडण झालं, चांगलं कचाकचा. शेवटी मावशीने अख्खं रीळ एका रिकाम्या रिळावर गुंडाळून काढलं, लोकर गुंडाळावी तसं, आणि मग ते पालथं बसवलं. पहिली बरणी बाहेर आली. नणंदेने ती सरळ केली. फळं वर, अक्षरं सुलटी. तिने बरणी काचेसमोर धरली. ताईने भुवई उडवली नाही. दोन्ही डोळे मात्र मिटले आणि उघडले.

शुक्रवारी मॅनेजरने दारातूनच सांगितलं, "सोमवारी ऑफिसात या ताई, पुढचं ठरवू." पुढचं ठरलेलंच होतं, त्याचा आवाज तेवढ्यासाठीच मऊ झाला होता. लाइन शहाणी झाली, कंपनीची एक खुर्ची वाचली. शिकलं कुणी आणि कमावलं कुणी, याचं प्रशिक्षण अजून कुणी काढलेलं नाही.

सुट्टीची घंटा झाल्यावर ताई उलट्या लेबलांच्या खोक्यांपाशी गेली. बादलीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक बरणी खरवडायला बसली. थोड्या वेळाने नणंद शेजारी येऊन बसली. मग मावशी. मग मेकॅनिकही आला, उगाच पाना हातात घेऊन.

"सोमवारी आम्ही पण येणार ऑफिसात," नणंद म्हणाली.

"कशाला?"

"अजून ठरलं नाही. विचार चाललाय."

"अगं, तिथे जाऊन आधी असं म्हणायचं की..." ताईने सुरुवात केली. तिघं तिच्याकडे बघायला लागली, पण पूर्वीसारखं नाही. बोलून झालं की मग आपलंही सांगू, असं. ताई मध्येच थांबली. ओल्या कागदाचा गोळा तिच्या नखाखाली अडकला होता, तो ती काढत बसली.

"नाही, राहू दे," ती म्हणाली. "तुमचं काय चाललंय ते आधी सांगा."