शेवटाच्या आधीची लाँच

काळूरामनं आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता, आणि ही गोष्ट गावात त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. उलट, शेवट सांगावा तर काळूरामनंच, असा त्याचा लौकिक होता.

दोष द्यायचाच तर लाँचला द्यायला हवा. उरणजवळच्या त्या मिठागरावर काळूराम उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी लागेल तेवढं आत घ्यायचं आणि दार खाली पाडायचं. पाडायला उशीर झाला की पिकलेलं मीठ पाण्यात. महिन्यातून एका रविवारी मुकादम बुधाजी त्याला मिठाचा नमुना देऊन मुंबईला शेटच्या पेढीवर पाठवत असे. नमुना पोचवला की काळूराम धावतपळत तीनच्या खेळाला जाऊन बसायचा. खेळ सुटायच्या आधीच भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बंदराची, शेवटची लाँच सुटायची. मुंबईत मुक्काम करावा, तर उघाडीकडे कोण बघणार? म्हणून नायक तुरुंगात गेला, आईला खलनायकानं खांबाला बांधलं, की काळूराम उठायचा. मागचे लोक "बैठो, बैठो" करून ओरडायचे, आणि तो अंधारात दहाजणांची पावलं तुडवत बाहेर पडायचा.

राहिलेला सिनेमा तो लाँचच्या टपावर बसून पुरा करायचा. मोऱ्याचा धक्का दिसेपर्यंत त्याचा शेवट तयार असे.

संध्याकाळी त्याच्या ओट्यासमोर गर्दी जमायची. सगळ्यांत पुढं त्याची आत्या सखुबाई, मांडीवर सुपारीची पिशवी घेऊन.

"बोल रं काळू. कसा हाय?"

काळूराम लगेच बोलत नसे. आधी पाणी प्यायचा, मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा.

"गाणी बरी हायेत. सात हायेत, पाच चालली असती. नायिका शेतकऱ्याची पोर दाखवलीया, पन लुगड्याला चिखलाचा ठिपका न्हाय. भात काय हवेत लावती?"

"आनि नायक?"

"रडतोय चांगला. पन होडीत बसला तवा वल्हं उलटं धरलं. पाठीमागून कुनीतरी दोरीनं होडी ओढत व्हतं, मला दिसलं."

यावर बायका अशा हळहळायच्या, की जणू त्या नायकाचं काही खरं नव्हे. काळूरामची मतं अशी बारीक असत, आणि पाहिलेल्या भागाबद्दल ती शंभर टक्के खरी असत. तलवारबाजीत पत्र्याचा आवाज येतो, राजाच्या दाढीचा डिंक सुटलाय, म्हाताऱ्या आईचे दात फार चांगले आहेत, हे सगळं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेलं असे. ऐकणाऱ्याचा विश्वास तिथंच बसायचा. मग पुढचं खोटंही त्याच विश्वासावर तरून जायचं.

फक्त त्याची बायको कमळ दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची आणि कधीमधी एखादा प्रश्न टाकायची.

"अवं, ह्यो सिनेमा बर्फाच्या डोंगरातला ना?"

"व्हय."

"मग शेवटाला लाँच कुठनं आली?"

काळूरामनं गुडघ्यावरची टोपी उलटी करून ठेवली. "बरफ वितळला."

"असं," कमळ म्हणाली, आणि भाकरीला आत गेली. घोड्याच्या सिनेमात नायक घोड्यासकट होडीत बसला होता. दोन भावांच्या सिनेमात भाऊ भाऊ बंदरावर भेटले होते. हे तिच्या लक्षात होतं. जो माणूस पाण्यावर बसून विचार करतो त्याच्या विचारात पाणी येणारच, पण हे काळूरामच्या स्वतःच्या अजून ध्यानात आलेलं नव्हतं.

नवे पैसे सुरू होऊन वर्ष झालं असेल, त्या चैत्रात तंबूवाले चांगदेवराव गावात आले. यंत्र, पडदा, तंबू, सगळं दोन बैलगाड्यांत. मिठागराच्या कडेची मोकळी जागा एका रात्रीपुरती मिळाली तर खेळ लावतो म्हणाले. त्यांच्याकडे होता आंधळ्या आईचा सिनेमा.

गाव आनंदानं वेडं व्हायचं बाकी राहिलं. आंधळ्या आईचा! काळूरामनं दिवाळीत सांगितलेला! त्याचा शेवट तर पोरासोरांना पाठ होता. धरण फुटतं, पुरात खलनायक वाहून जातो, आई दाराच्या फळीवर तरंगत येते, आणि पाण्याचा हबका डोळ्यांवर बसल्याबरोबर तिला दिसायला लागतं.

"त्यो पूर मला डोळ्यांनी बघायचाय," सखुबाई म्हणाली. "माझ्या काळूला समदं म्हाईत हाय. त्याला म्होरं बसवू. हिंदी आपल्याला कळत न्हाय, त्यो सांगंल."

 त्या सिनेमात धरण आहे की नाही हेसुद्धा काळूरामला माहीत नव्हतं. तो उठला तेव्हा आई खांबाला बांधलेली होती, आणि आसपास पाण्याचा हंडाही नव्हता. आता सगळ्या गावासमोर खरा शेवट दिसणार. उद्यापासून ओट्यासमोर कोण बसणार? आणि बसलंच, तर हसायलाच.

बुधाजीनं विचारलं, "कंच्या तिथीला लावायचा खेळ?"

"त्रयोदशीला," काळूराम पटकन म्हणाला.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मिठागरावरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमाराला पाणी पुरं चढणार, म्हणजे सिनेमा शेवटाला आलेला असताना. उधाणाचं पाणी साठ्याच्या तळ्यात घ्यायला उघाडी त्या रात्री उघडी असणारच. ती पाडायला जरासा उशीर करायचा. साठा भरून वाहिला की पाणी आधी तंबूच्या जागेत येणार. मिठाच्या राशी तिथून हातभर उंच. घोट्याएवढं पाणी आलं, माणसं उठून पळाली, की आपण जाऊन दार पाडायचं. मीठ वाचलं, खेळ मोडला, पूर शाबूत.

हिशेब चोख होता. फक्त माणसं हिशेबात घ्यायची राहून गेली.

त्रयोदशीला दिवस मावळताच तंबू भरला. बसायला विटांवर फळ्या मांडल्या होत्या. चांगदेवरावांनी यंत्र बांधावर उंच जागी ठेवलं होतं. बायकांच्या घोळक्यात पुढं काळूरामला बसवलं. शेजारी सखुबाई, मागं कमळ. सिनेमा सुरू झाला आणि काळूराम रंगात आला.

"ह्यो बापूस. ह्यो मरनार."

बापूस मेला. बायकांनी काळूरामकडे आदरानं पाहिलं.

"आता त्यो मिशीवाला हसंल."

मिशीवाला हसला. "अगं बाय," कुणीतरी म्हणालं, "जसाच्या तसा!"

असं चालता चालता नायक तुरुंगात गेला आणि खलनायकानं आंधळ्या आईला खांबाला बांधलं. त्यासरशी काळूराम उठून उभा राहिला. मुद्दाम नव्हे. इतक्या रविवारांची सवय, पाय आपोआप सरळ झाले.

सखुबाईनं त्याचा सदरा धरून खाली ओढला. "कुठं चाललास? अजून हाय!"

काळूराम बसला, आणि जन्मात पहिल्यांदा पुढचं पाहू लागला.

खांबाची दोरी सुटली. कशी सुटली, हे पाहताना त्याचं तोंड उघडं राहिलं. नायक तुरुंगातून पळाला नव्हता. त्याला कोर्टात आणलं होतं. साक्षीदार कोण? आंधळी आई! हे काळूरामच्या स्वप्नातही आलं नसतं.

"सांग ना रं," सखुबाईनं कोपरानं ढोसलं.

"गप आत्या. बघू दे."

"तू बघितलंस की! आमी न्हाय बघितलं!"

एवढ्यात पुढच्या रांगेतल्या बाईनं पाय वर घेतले. मग तिच्या शेजारणीनं. पाणी आलं होतं, ठरल्या वेळेला, ठरल्या वाटेनं. काळूराम पडदा सोडून माणसांकडे बघू लागला. आता उठतील. आता आरडाओरडा होईल.

कुणी उठलं नाही. आयुष्यभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढणारी ती माणसं. घोट्याएवढ्या पाण्याला ती काय भिणार? पुरुषांनी धोतरं वर खोचली, बायकांनी लुगडी गुडघ्यात घेतली, लहान पोरांना खांद्यावर बसवलं, आणि सगळे परत पडद्याकडे बघायला लागले. सखुबाईनं तर हात जोडले.

"बघा! काळू बोलला व्हता ना, शेवटाला पानी येतंय!"

"खरंच की गं!"

"तंबूत सुदिक येतं म्हनला नव्हता," बुधाजी मागून म्हणाला.

"मुंबईला येत आसंल," कुणीतरी समजूत घातली.

पडद्यावर मात्र पाण्याचा थेंब नव्हता. न्यायाधीश बसले होते, आणि खाली पाण्यात तेच न्यायाधीश डोक्यावर उभे होते. आईला पिंजऱ्याजवळ आणलं. ती हात पुढं करून चाचपडत चालली होती. समोर दोन माणसं, एक खरा मुलगा आणि एक तोतया. ती कुणाच्या चेहऱ्यावर हात ठेवणार?

काळूरामला लौकिक आठवत नव्हता, पूर आठवत नव्हता. त्याला फक्त तो हात दिसत होता. हात वर येत होता. आणि त्याच वेळी पाणी त्याच्या पोटरीला लागलं.

त्यानं मान वळवून तंबूच्या फटीतून पाहिलं. चांदण्यात मिठाच्या राशी पांढऱ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी पाणी टेकायला आलं होतं. साऱ्या गावाची हंगामाची मेहनत तिथं उघडी पडली होती. ते पाहणारा तो एकटाच. बाकी सगळे त्या हाताकडे बघत होते.

काळूराम उठला.

"बस खाली!" मागून ओरडा झाला. "बस, बस!"

तो दहाजणांची पावलं तुडवत बाहेर पडला. बांधावरून धावत उघाडीवर आला, तर दार पाण्याच्या जोरानं खाचेत अडकलेलं. त्यानं लोंबकळून अंगाचा सगळा भार टाकला. मागं तंबूत कुणीतरी किंकाळी फोडली. दार बोटभर हाललं. तंबूत टाळ्या पडल्या. "थांबा रं, थांबा," असं तो दाराला म्हणाला की सिनेमाला, कोण जाणे. शेवटी दार खाड्‌कन खाली पडलं. दोन राशींचे पायथे तेवढे ओले झाले होते.

परत आला तेव्हा पडदा नुसता पांढरा होता आणि बांधावर भांडण लागलं होतं. मध्ये चांगदेवराव, भोवती सगळं गाव.

"पूर कुठं हाय?" सखुबाई गरजत होती. "धरन फुटायचं कुठं गेलं? तुमी कापून ठेवलंत!"

"बाई, देवाशपथ सांगतो, ह्या सिनेमात धरण नाही!"

"पुढल्या गावाला दावायला ठेवला आसंल पूर," कुणीतरी म्हणालं. "तंबू सोडू नका ह्यांचा."

"आला, काळू आला!" सखुबाईनं त्याला पुढं ओढलं. "ह्यानं मुंबईत डोळ्यांनी बघितलाय. सांग रं ह्यांना, सिनेमात पूर हाय का न्हाय?"

 'हाय' एवढंच म्हणायचं होतं. चांगदेवराव कुणी गाववाले नव्हते; उद्या बैल जुंपून गेले असते आणि काळूरामचा लौकिक जागच्या जागी राहिला असता. काळूरामनं तोंड उघडलं. पण आत जे दाटून आलं होतं तेच बाहेर पडलं.

"आत्या, आईनं हात कुनाच्या तोंडावर ठेवला?"

कुणाला काही समजेना. मग सखुबाईची सुपारी दाढेतच थांबली.

"तुला म्हाईत न्हाय?"

"न्हाय."

"म्हंजे दिवाळीला...?"

"लाँच चुकली आसती," काळूराम म्हणाला.

"आनि घोड्याच्या सिनेमाचा शेवट?"

"त्यो बी लाँचवरच झाला."

"बर्फातली लाँच?" बुधाजीनं विचारलं.

"ती मोऱ्याचीच."

पहिल्यांदा कमळ हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग बुधाजी, मग सगळा बांध. चांगदेवराव हसले नाहीत. त्यांनी तेवढ्यात घाईघाईनं तंबूच्या खुंट्या उपटायला घेतल्या. सखुबाई मात्र नवी सुपारी तोंडात टाकत म्हणाली, "काय बी म्हना, तुझा पूर बरा व्हता. ह्यांचं कोर्ट म्हंजे नुसती बडबड." उघाडी इतका वेळ उघडी का राहिली, हे कुणी विचारलं नाही, आणि काळूरामनंही तो विषय काढला नाही.

घरी जाताना तो बांधावरून कमळच्या मागं मागं चालत होता.

"कमळ, सांग ना."

"काय सांगू? खांबापत्तूर तुमाला म्हाईतच हाय."

"कोर्टापत्तूर बघितलं मी. म्होरं सांग."

कमळ थांबली. काळूराम बसायचा तशी बांधावर बैठक मारली आणि पदर सारखा करून गुडघ्यावर ठेवला.

"आईचं काम बरं हाय," ती म्हणाली. "पन आंधळी म्हनं, आनि उंबऱ्यावर पाय उचलून चालली. मला दिसलं."

"व्हय, मला पन! मग?"

"मग दोघं म्होरं उभे. आई चालत आली. हात वर केलान. पयला त्या तोतयाच्या खांद्यावर..."

"बरं?"

"तिथनं हात वर वर गेला... हनवटीपत्तूर..."

काळूराम पुढं वाकला.

कमळ उठली, पदर झटकला आणि घराकडे चालू लागली.

"अगं, म्होरं?"

"म्होरं न्हाय. माझी लाँच आली," ती वळूनही न बघता म्हणाली. "पुढल्या रविवारी मला मुंबईला न्या. माझ्या भावाकडं मुक्काम करू, उघाडी बुधाजीमामा बघतील. दोघांनी मिळून शेवटापत्तूर एक सिनेमा बघू. तवा ह्याचा शेवट सांगीन."