बिनकाट्याचा बेल

"आवो, हे काय आलंय पानांत?"

पूजेत बोलायचं नसतं, तरी शिवकांताच्या तोंडून निघून गेलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, कपाळावरचं भस्म अजून ओलं होतं आणि उजव्या हाताच्या चिमटीत त्रिदळाच्या देठाला चिकटून एक तुरा आला होता. काडीसारखा बारीक, त्याच्यावर मोहरीएवढी पांढरी फुलं.

गुरुबसप्पा उंबऱ्यात चपला घालत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर झटकली, परत घातली.

"बेलालाच आला आसंल तुरा."

"भादव्यात?"

"आता कशाचा काय नेम ऱ्हायलाय? दिवाळीत आंबे मोहरून ऱ्हायलेत. तू पूजा कर. मला यार्डात उशीर होऊन ऱ्हायलाय."

ते गेले. अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात ते मापाडी होते. सोयाबीन येऊ लागलं की त्यांना घरी टेकायला फुरसत नसे. शिवकांताने तुरा बाजूला ठेवला, पान धुतलं, लिंगावर वाहिलं आणि रोजचं मागणं मागितलं. माझी लेक उठून बसू दे.

लेक म्हणजे अक्षरा. चाकूरच्या पुढच्या फाट्यावर तिचं सासर. दुसऱ्या बाळंतपणानंतर किडन्या गेल्या, बाळही गेलं, आणि तेव्हापासून लातूरच्या दवाखान्यात तिचं रक्त धुणं चालू होतं. पहिल्यांदा तिला नळ्यांत गुंडाळलेली पाहून आली त्या दिवशी शिवकांता नवस बोलली होती. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण भ्यालेलं माणूस देवापुढे हात आखडता घेत नाही. ती बोलून गेली, लेक बरी होईस्तोवर रोज ताजा बेल वाहीन, विकतचा नाही, घरच्या माणसाच्या हातचा. आणि तो वाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही.

मठाच्या आवारात बेलाचं झाड होतं तोवर अडचण नव्हती. आषाढात नव्या सभामंडपाचा पाया खणताना त्याच्या मुळ्या तुटल्या आणि झाड उभ्या उभ्या वाळलं. बेल मिळेना. शिवकांता कोरड्या तोंडाने पाटावर बसून राहायची. जंगमस्वामी येऊन समजावून गेले, "आई, देव इतका हिशेबी नसतो." तिने मान हलवली, पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला भोवळ आली. मग गुरुबसप्पा पहाटेच निघून गेले आणि उजाडता उजाडता उपरण्यात पानं घेऊन आले. "तळ्याच्या पल्याड सापडलं एक झाड," म्हणाले. टोपी काढली, झटकली, परत घातली.

करोनात तिचा वास गेला होता, तो परत आलाच नव्हता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्याचं ऑपरेशन अक्षरा घरी आली की करायचं ठरलं होतं. पानाला तीन दळं होती. तिने ते वाहिलं, आणि मग फुलपात्रभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

आज त्या तुऱ्याने तिचं चित्त उडालं. ताटातलं एक पान घेऊन ती दारात उजेडाला गेली. डाव्या डोळ्याजवळ धरलं. बोट फिरवलं. कडेला बारीक दाते लागले. बेलाचं मधलं दळ लांब देठावर पुढे आलेलं असतं. इथे तिन्ही दळं एकाच जागी जमली होती. कोवळं असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग तिला आठवलं, मठातला बेल काढून आणायचे तेव्हा ह्यांच्या हातांवर नेहमी ओरखडे असत. बेलाचा काटा बोटभर असतो. रात्री ती खोबरेल लावून द्यायची. आषाढापासून तिने खोबरेल लावलं नव्हतं.

दुपारी शेजारची कोंडाबाई शेळ्या घेऊन निघाली तेव्हा शिवकांता काठी घेऊन दारात उभी होती.

"कोंडाबाई, तळ्याकडं चाललीस? मी येते."

"तुमी? आन् गुडघा?"

"गुडघ्याला घेऊनच येते. त्याला घरी कोन सांभाळनार?"

कोंडाबाई हसली. शेळ्यांना हाकारत, शिवकांतासाठी थांबत, ती तळ्याच्या बांधावरून पुढे चालली. "कालच गुरुबसप्पाबापू दिसले हितं," तिने सांगितलं. "रोज दिसतेत. त्या झुडपापाशी. मी म्हनलं, बापूनं शेळी पाळली का काय लपून?"

झुडूप माणसाएवढंच होतं, खडकाच्या सांदीतून चहूकडे पसरलेलं. शिवकांताने फांदी हातात धरली आणि मुळापर्यंत चाचपत नेली. एकसुद्धा काटा नाही. पानं तीच, रोजची. पानांच्या बेचक्यातून तेच तुरे, आणि खालच्या फांद्यांवर तुऱ्यांची फळं झालेली. वाटाण्याहून लहान, लालभडक, घोसच्या घोस. बेलफळ कसं असतं, दगडासारखं, फोडायला खलबत्ता लागतो. ही फळं बोटाने दाबली की फुटत होती.

"कोंडाबाई, हे काय झाड हाय?"

"तिपानी म्हनतेत आमच्याकडं. तीन पानं म्हनून."

"बेल न्हाई?"

"आता तुमच्या देवाचं मला काय कळतंय, बाई? आमच्या घरात आज्यापासून देव न्हाई. पन शेळीचं इचारा." तिची करडी शेळी मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओरबाडत होती. "बेलाला तोंड लावायचं तर अशी नवरीवानी नखरे करत एकेक पान तोडते. काटा लागतो ना. हितं बगा, कशी बिनघोर." मग तिचं लक्ष शिवकांताच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय झालं, बाई? इखारी न्हाई हो ते. पाखरं खातेत. गरीब झाड हाय."

शिवकांता खडकावर बसली. शेळ्या पांगल्या तरी कोंडाबाई हलली नाही. तीही शेजारी बसली.

संध्याकाळी गुरुबसप्पा घरी आले तेव्हा देवघरासमोर पितळी ताटात लाल घोसांची फांदी ठेवलेली होती. त्यांनी हातपाय धुतले नाहीत. तसेच, अंगावर सोयाबीनची धूळ घेऊन, ताटासमोर बसले.

"हे बेलाचं फळ हाय?" तिने विचारलं. तिचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नाही.

त्यांचा हात टोपीकडे गेला. टोपीपर्यंत पोचला आणि खाली आला.

"न्हाई."

"पयल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हाव. लई फिरलो गं. तळ्याच्या पल्याड एक बेल होता म्हनले, तो बी तोडलेला. तू हितं पडलेली. पोरगी तिकडं. मी काय करू? ह्याला तीन पानं दिसली."

"आसं करायचं न्हवतं."

"मरून गेली असतीस."

"चाललं असतं."

"तुला चाललं असतं," गुरुबसप्पा म्हणाले.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग ते खाली बघत बोलले, "त्या दिवसापासनं मी लिंगाला हात लावलेला न्हाई."

"मंग रोज सकाळी आत बसून काय करत होता?"

"बसत होतो."

आपल्या माणसाच्या गळ्यात लिंग आहे आणि तो महिनोनमहिने त्याच्याशी बोललेला नाही, हे तिला एका घरात राहून कळलं नव्हतं. तिला राग येऊ शकला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. इतके दिवस ती बोलत होती, मागत होती, आणि तिचं एकही मागणं घराच्या बाहेर गेलंच नव्हतं की काय?

"मंग मी कुनाला वाहून ऱ्हायले हो?" ती म्हणाली.

रात्री दोघांनी पोळी खाल्ली नाही.

सकाळी ती पाटावर बसली नाही. "लातूरला जाऊ," म्हणाली. "तिथं खरा बेल मिळंल. तुमी तोडा, मी वाहते, मंग पोरीला बघू." वाहिलेलं एकेक पान तिने कापडी पिशवीत साठवून ठेवलं होतं, अक्षरा बरी झाली की बेलाच्या बुडाशी नेऊन घालायचं म्हणून. ती पिशवीही तिने घेतली. त्या झाडापुढे ठेवून माफी मागायची होती.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. तिने पाणी घेतलं नव्हतं. पिशवी मांडीवर होती. वळणावळणाला सुकी पानं आतल्या आत कुरकुरत. चाकूर यायच्या आधी गुरुबसप्पांच्या खिशात फोन वाजला.

"हां, अमरेश... हां... हां..." फोन खिशात ठेवायला त्यांना दोनदा खिसा शोधावा लागला.

"काय म्हनले जावई?"

गुरुबसप्पांनी टोपी काढली. झटकली. परत घातली.

"काही न्हाई. लवकर या म्हनले. चाकूरलाच उतरू आपन, तिकडून गाडी येऊन ऱ्हायलीय."

तिकीट लातूरचं काढलेलं होतं. दवाखाना लातूरला होता. चाकूरहून पुढे होतं ते अक्षराचं घर.

या वेळी तिने त्यांचं बोलणं त्या पानासारखं उजेडात धरून पाहिलं नाही. "बरं," म्हणाली, आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

दुपार कलताना अक्षराच्या सासरच्या शेतात समाधी खणून झाली. अक्षराला आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवलं होतं. आईच्या मागण्यात होतं तशीच ती उठून बसली होती. डाव्या तळहातावर तिचं लिंग. अमरेश भिंतीला टेकावं तसा हवेला टेकून उभा होता.

तिथल्या जंगमस्वामींनी मंत्र थांबवून मान वर केली, तर शिवकांता काठी टेकत कडेपर्यंत आली होती.

"काय आणलंत, आई?"

"पानं हायेत."

"बेल?"

सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर कुणी पिशवीत हात घालून बघणार नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "बेल न्हाई. पन हिच्याच नावानं वाहिलेली हायेत."

स्वामी वयाने तरुण होते. त्यांनी हात जोडले आणि ते एक पाऊल बाजूला झाले. शिवकांताने पिशवी उलटी केली. तपकिरी, चुरगळलेली पानं अक्षराच्या मांडीभोवती उतरली.

तेवढ्यात गुरुबसप्पा आले. ते कधी गेले होते कुणाच्या ध्यानात नव्हतं. शेताच्या टोकाला महादेवाचं देऊळ होतं, तिथून ते उपरणं भरून हिरवा बेल घेऊन आले होते. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"घे," ते म्हणाले.

तिला वास येत नव्हता, आणि डोळ्यांनी आता तसंही दिसत नव्हतं. तिने ओंजळ पुढे केली. त्यांनी पानं घातली तेव्हा त्यांचे हात तिच्या हातांना लागले. मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे होते, आणि ओले होते.

तिने त्यातलं एक पान वेगळं केलं, खाली वाकून लेकीच्या तळहातावरच्या लिंगावर ठेवलं. पान ठेवलं की मागायचं, ही हाताची सवय. हात तिथेच थांबला. मागायला काही नव्हतं. मागून कुणीतरी "माय, उठा आता," म्हणालं, तरी तिने तो थोडा वेळ तसाच राहू दिला.